पेंटरचाचांचे गोळे

खोली बघायला गेले तेव्हा चाचा अंगणात उकिडवे बसले होते. दोन्ही गुडघ्यांत एक काळाभोर गोळा धरून त्याला पॉलिश पेपरनं घासत होते. गोळा फुटबॉलपेक्षा थोडा लहान, वर तीन भोकं. मी भाड्याचं विचारायला तोंड उघडलं, तर त्यांनीच मला विचारलं, "मॅडम, तुमी कॉलेजात झाडांचं शिकवता ना? मग सांगा, ह्या भोकात काय लावलं तर जगंल?"

"खाली पाणी निघून जायला वाट आहे का?"

"न्हाय."

"मग काहीच जगणार नाही."

ते उठले, आत गेले आणि ड्रिल मशीन घेऊन आले. वायर पुरेना म्हणून पुन्हा आत गेले, दुसरी वायर शोधायला लागले. मी तशीच उभी. शेवटी चाची बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "खोली वर आहे, बघून या. इनकू बैठना आता च नै."

खोली मी घेतली. आठवड्याभरात ड्रिलची दोन पाती मोडून त्या गोळ्याला बुडापर्यंत भोक पडलं. त्यात मी कॉलेजच्या आवारातलं 'ऑफिस टाइम'चं रोप लावलं. रोप जगलं. दहाच्या सुमारास गोळ्याच्या डोक्यावर तीन गुलाबी फुलं उमलायची. चाचा येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून दाखवायचे आणि म्हणायचे, "आमच्या मॅडमनी लावलंय." मला धाराशिवमध्ये 'आमच्या' म्हणणारं दुसरं कुणी नव्हतं.

ते बोलिंगचे गोळे होते. मोठ्या शहरातल्या मॉलमध्ये गुळगुळीत लाकडी पट्टीवरून गोळा सोडायचा आणि टोकाला मांडलेल्या बाटल्यांसारख्या सोंगट्या पाडायच्या, असा तो खेळ. चाचांनी तो कधी पाहिला नव्हता. मीही नाही. लॉकडाऊनमध्ये असा एक हॉल बंद पडला आणि त्याचं सामान जळकोटजवळ हायवेवरच्या एका भंगारवाल्याकडे येऊन पडलं. लोखंड गेलं, लाकूड गेलं, गोळे तेवढे राहिले. त्यांना गिऱ्हाईक मिळेना. भंगारवाला चाचांचा जुना दोस्त. तो म्हणाला, "घेऊन जा बाबा, रोज माझा पाय अडखळतोय." चाचांनी पहिले दोन गोळे एम-एटीच्या दोन्ही बाजूंना पिशव्या बांधून आणले. एकेक सहा-सात किलोचा. हँडल डुगडुगत होतं म्हणे, पण दोन्हीकडं वजन सारखं म्हणून गाडी सरळ आली.

चाचा एसटीच्या वर्कशॉपमध्ये पेंटर होते. गाड्यांच्या पट्ट्या, नंबर आणि कपाळावरचे गावांच्या नावांचे बोर्ड, सगळं त्यांच्या हातचं. पुढं बोर्ड छापून यायला लागले, मग दिव्यांचे आले. निवृत्त व्हायच्या आधीची काही वर्षं त्यांनी नुसते डब्बे आणि कचरापेट्या रंगवल्या. गावातून त्यांच्याबरोबर चालणं हे एक काम होतं. दर दुकानाशी थांबायचे. "ह्या 'ळ'चं पोट बघा, सुटलंय," म्हणायचे. "हा 'श' लंगडतोय." एका मेडिकलवाल्याला त्यांनी सांगितलं होतं की तुझ्या पाटीवरचा 'औ' बघूनच माणूस आजारी पडंल. त्यानं ते हसण्यावारी नेलं. चाचा हसले नव्हते.

गोळा आणला की आधी घासायचा, मग लांबी भरून खळगे बुजवायचे, मग रंग. कधी रंगाऐवजी फुटक्या फरश्यांचे, बांगड्यांचे, आरशांचे तुकडे, आणि मधल्या फटींत पांढरं सिमेंट. एकाचं सीताफळ केलं होतं, हिरवे खवले आणि त्यांच्या मधल्या खाचा इतक्या हुबेहूब की पोपट येऊन चोच मारून गेला. एकावर मोर. एक नुसता बांगड्यांच्या काचांचा, सकाळचं ऊन पडलं की समोरच्या भिंतीवर लाल-हिरवे ठिपके हलायचे. जास्वंद, शेवंती, कढीपत्ता आणि त्यांच्यामधून हे गोळे, अशी ती बाग होती.

पण ती बाग कुठल्याही दिवशी कालच्यासारखी नसायची. सीताफळ काल जास्वंदीखाली होतं, आज नळाजवळ. मोर पायरीवर, दुसऱ्या दिवशी पायरीच्या खाली, तिसऱ्या दिवशी तो मोर राहिलेलाच नसायचा, घासून पांढरा करून ठेवलेला. मी एकदा न राहवून विचारलं, "चाचा, इतका सुंदर झाला होता, खरवडला कशाला?"

ते ब्रश धूत होते. म्हणाले, "मॅडम, तिकडं बोर्ड झाला की गाडी जायची. ओला असतानाच जायची कधी कधी. मंग दुसरी उभी. तीस वरसं हाताला तीच सवय. आता झालेलं काम तिथंच बसून ऱ्हातं माझ्याकडं बघत. मला न्हाय सहन होत." मग ब्रश झटकून म्हणाले, "तुमचं बी तसंच हाय की. तुमची बॅग मी कधी रिकामी बघितली न्हाय."

खरं होतं ते. मी तासिका तत्त्वावर शिकवायची. जुलैत घ्यायचे, मार्चमध्ये संपायचं, पुन्हा मुलाखत, पुन्हा अर्ज. तीन वर्षं मी त्या खोलीत राहिले पण भिंतीला एक खिळा ठोकला नाही. वर मी येरझारा घालायची, खाली अंगणात चाचा. चाची म्हणायच्या, ह्या घरात मीच एकटी जमिनीवर आहे.

एकदा चाचांनी चार गोळे पोत्यात घालून एसटीनं आणायचं ठरवलं. निवृत्तांचा पास होता. वाटेतल्या एका स्टँडवर कुणा प्रवाशानं पोत्यात डोकावून पाहिलं. काळे गोळे, वर भोकं, आणि शेजारी दाढीवाला म्हातारा. दोन मिनिटांत गाडी रिकामी झाली. चाचांना चौकीत नेलं. दोन तास बसवलं. गोळे कशाचे, कुठले, कशाला हवेत, हे तीन-तीनदा सांगायला लावलं. "बागेत ठेवायला" हे उत्तर कुणाला पटेना. शेवटी एका वयस्कर हवालदारानं त्यांना ओळखलं. त्याच्या गावच्या गाडीचा बोर्ड चाचांनी लिहिलेला होता. मग सोडलं, चहाही पाजला.

हे सगळं चाचांनी मला हसत सांगितलं. चाची हसत नव्हत्या. दोन दिवस चाचा अंगणात फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी एम-एटीला पांढऱ्या रंगाचा डबा अडकवून जळकोटला गेले, उरलेले गोळे भंगाराच्या आवारातच पांढरे करून वाळवले आणि मग दोन-दोन करून घरी आणायला लागले. मी विचारलं तर म्हणाले, "पांढरं बघून कोण घाबरत न्हाय."

मला तेव्हा हसू आलं होतं. ते आठवलं की आता चांगलं वाटत नाही.

सकाळी सहाला दारावर बोटानं टकटक व्हायची. "मॅडम, उठला का? जरा बघता का?" मी गॅलरीत जायची. खाली चाचा गोळा पोटाशी धरून उभे. "हा इकडं बरा का तिकडं?" सुरुवातीला मी मन लावून बघायची. मागं गडद पानं असली की फिका रंग उठून दिसतो, असलं काहीबाही सांगायची. त्यांना ते आवडायचं. पण रोज सहाला कोण किती मन लावणार? पुढं पुढं ते जिथं म्हणतील तिथं मी 'हां' म्हणायला लागले.

ती सकाळ मार्चमधली होती. शिक्षक भरतीच्या अर्जाचा शेवटचा दिवस. साइट दिवसा चालत नव्हती म्हणून मी पहाटेच मोबाईल घेऊन बसले होते. टकटक झाली. मी मोबाईल हातात धरूनच गॅलरीत आले. स्क्रीनवर ते चक्र फिरत होतं.

"मॅडम, ह्याला कुठं ठेवू? भिंतीवर?"

"हां, भिंतीवर ठेवा."

"थांबंल का तिथं?"

"थांबेल."

मी खाली बघितलंच नव्हतं. कंपाउंडची भिंत कमरेएवढी, वरून सपाट, आणि तिच्या बाहेरून उताराचा सिमेंटचा रस्ता. मी आत आले. अर्ज गेला. त्यानंतर पाच-दहा मिनिटांनी धप्प असा आवाज झाला आणि मग एक घरंगळण्याचा आवाज, आधी हळू, मग वाढत गेलेला. मग खालच्या बाजूनं एक ओरडणं.

तलाठी आप्पा. उताराच्या शेवटी राहायचे. निवृत्त, बायको वारलेली, दोन्ही मुलं पुण्याला. रोज सकाळी ते स्वतःच्या दारापुढचा रस्ता स्वतः झाडायचे आणि झाडता झाडता चाचांच्या कढीपत्त्याच्या पानांना शिव्या घालायचे. त्या दिवशी ते वाकलेले होते. गोळा घोट्यावर लागला.

मी खाली पोचेपर्यंत चाचा अनवाणी धावत गेले होते. त्यांनी आप्पांचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि "आप्पा, माफ करा, आप्पा, माफ करा" एवढंच बोलत होते. आप्पा म्हणत होते, "आधी रिक्षा बोलवा, माफी मंग मागा."

घोट्याचं हाड मोडलं होतं. दुपारपर्यंत पुण्याहून मुलं आली. दवाखान्याच्या व्हरांड्यात थोरल्यानं चाचांना गाठलं. "हे असले गोळे घरात ठेवायचेच कशाला? आणि भिंतीवर? भिंतीवर ठेवायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

मी तिथंच, चार हातांवर उभी होते. माझ्या हातात मोबाईल होता. अर्ज पोचल्याचा मेसेज येऊन पडला होता.

चाचांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "कोण सांगणार? माझंच डोकं. मीच ठेवला."

"पोलिसात द्यायला पाहिजे हे," धाकटा म्हणाला.

चाचांचे हात मी कधी स्थिर पाहिले नव्हते, पण ते कामाचे हात होते, काहीतरी धरायला निघालेले. त्या क्षणी ते नुसतेच हलत होते. त्यांनी ते खिशात घातले. मला चौकीतले दोन तास आठवले आणि तरी मी गप्प राहिले. उद्या सांगू, असं मनात म्हटलं. आतून आप्पांचा आवाज आला. "पाय माझा हाय. फिर्याद द्यायची का न्हाय ते मी ठरवीन. मला द्यायची न्हाय. जा, तुमी जेवून या."

त्या संध्याकाळी चाचांनी सगळे गोळे गोळा करून मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली ठेवले. दारावरची टकटक थांबली. मी सहाला उठून बसायची आणि खाली चपला वाजायच्या, फाटकापासून मोरीपर्यंत, मोरीपासून फाटकापर्यंत. मला वाटायचं, जावं, सांगून टाकावं. मग वाटायचं, आता सांगून काय होणार? असं करत आठवडा गेला. मुलं पुण्याला परतली. ती आप्पांना न्यायला तयार होती, पण आप्पांनी नकार दिला. त्यांचं म्हणणं, चौथ्या मजल्यावर माणूस काय बघत बसणार.

मग चाचा रोज खाली जायला लागले. सकाळी दूध, पेपर, नळाला पाणी आलं की भरून ठेवायचं, चाचींनी दिलेला डबा. आप्पा पलंगावरून हुकूम सोडायचे. "पेंटर, पंखा दोनवर करा. पेंटर, पडदा सारा." चाचा सगळं निमूट करायचे. एकदा मी उत्तरपत्रिका तपासून झाल्यावर आप्पांना बघायला गेले तेव्हा आप्पा म्हणाले, "पेंटर, मला मारणारा गोळा कुठाय? आणा बघू."

चाचा घाबरले. "कशाला आप्पा?"

"बघू तर द्या. तोंड न्हाय बघितलं मी त्याचं."

चाचांनी गोळा आणला. तो टरबूज होता, अर्धवट झालेला. हिरवा रंग आणि त्यावर गडद पट्टे. आप्पांनी तो पोटावर घेतला, फिरवला, चष्मा वर केला.

"हे टरबूज हाय?"

"व्हय."

"आमच्या शेतात चाळीस वरसं टरबूज केलंय. अशा रेषा असतात का? ह्या एसटीच्या पट्ट्या झाल्या. फुटपट्टी लावून मारल्यागत." आणि माझ्याकडं वळून, "ह्या झाडाच्या मॅडमला इचारा."

मी म्हटलं, "रेषा देठापासून निघतात. सरळ जात नाहीत, कडेनं फाटत जातात."

"ऐकलं? फाटत जातात. जा, ब्रश आणा. हितं माझ्यासमोर करा."

चाचा ब्रश घेऊन आले. दुपारभर ते पलंगाशेजारी बसून रेषा फाडत होते आणि आप्पा सांगत होते, इथं जास्त फाटली, इथं कमी. दोघं इतके भांडले की शेजारची बाई डोकावून गेली. संध्याकाळी निघताना मी ऐकलं, आप्पा म्हणाले, "उद्या पिवळा रंग घेऊन ये. जमिनीला टेकतं तिथं पिवळं पडतं. ते कोण करणार?" 'या' नाही, 'ये' म्हणाले होते.

त्या दिवशी परत येताना उतार चढत चढत मी चाचांना सांगितलं. "चाचा, त्या दिवशी मी बघितलंच नव्हतं. मोबाईलमध्ये होते. न बघता 'थांबेल' म्हटलं."

ते चालत राहिले. फाटकाशी आल्यावर म्हणाले, "मला ठाऊक होतं. मान खाली होती तुमची."

"मग ठेवलात का?"

"हात कुणाचा होता?" त्यांनी स्वतःचे दोन्ही तळवे पाहिले. त्यांना हिरवा रंग लागलेला होता. "मॅडम, आधी मी बी म्हणायचो, लिहून दिलं तसं लिहिलं, चूक साहेबाची. एकदा एका गावाचं नाव चुकीचं लिहून गाडी गेली. म्हातारी एक, दोन तास स्टँडवर बसून राहिली. गाडी तिच्या समोरून गेली, तिनं बोर्ड वाचला अन् बसली न्हाय. तवापासून मी तसं म्हणत न्हाय."

एवढं बोलून ते आत गेले. त्यांनी मला माफ केलं की नाही, ते मला कळलं नाही. पण त्यानंतर त्यांनी मला कधीच कुठं ठेवू म्हणून विचारलं नाही. बाकी सगळं बोलायचे. चहा पाठवायचे. कॉलेजची, माझ्या आईची चौकशी करायचे. फक्त तेवढं विचारायचं थांबलं. मी दोन-तीनदा आपणहून म्हटलं, "चाचा, हा शेवंतीजवळ चांगला दिसेल." ते म्हणाले, "बघतो."

गोळे पुन्हा बाहेर आले ते वेगळ्या तऱ्हेनं. चाचांनी प्रत्येकासाठी अर्धा हात खड्डा खणला, खाली विटांचे तुकडे घातले आणि गोळा निम्मा जमिनीत बसवला. आता तो कुणी हलवायचा म्हटलं तरी हलणार नव्हता. पावसाळ्याच्या तोंडाला आप्पांच्या दारापुढं पाच गोळे गेले. कुठला कुठं, ते आप्पांनी कुबडीच्या टोकानं दाखवलं. मग समोरच्या घरी दोन गेले, येडशीच्या एका शाळेनं चार नेले. चाचा जळकोटच्या फेऱ्या मारत राहिले, अंगणात खड्डे खणत राहिले. बाग भरली तसे ते कमी झोपायला लागले, असं चाची म्हणायच्या. आता हलवता येत नाही, म्हणून नवीन करतात. ताडपत्रीखाली नेहमी पाच-सहा वाट बघत पडलेले असायचे.

पुढच्या वर्षी माझी निवड झाली. नाशिककडची शाळा, कायम नोकरी. त्या मार्चमध्ये भरलेला तोच अर्ज. पत्र हातात आलं तेव्हा आनंद झाला. बॅग भरायला मला फार वेळ लागला नाही.

निघायच्या सकाळी मी आप्पांकडे गेले. ते दारापुढं झाडत होते, एका हातात काठी. पाय थोडा ओढायचे, पण झाडणं सोडलं नव्हतं. मी खाली बघत सांगितलं. भिंतीवर ठेवा असं मी म्हटलं होतं, न बघता म्हटलं होतं, आणि दवाखान्यात मी गप्प राहिले होते.

आप्पांनी झाडणं थांबवलं नाही. म्हणाले, "सकाळी सहाला गल्लीत आवाज किती असतो?"

"काहीच नसतो."

"मंग मला ऐकू येणार न्हाय व्हय? रोजचं ऐकायचो मी. तो इचारायचा, तू सांगायचीस. त्या दिवशी बी ऐकलं. भिंतीवर ठेवा. थांबंल."

मी झाडू घ्यायला हात पुढं केला, त्यांनी दिला नाही.

"मी त्याला तीनदा इचारलं, पेंटर, कुणी सांगितलं भिंतीवर ठेवायला. तिन्ही वेळा म्हणाला, माझंच डोकं." त्यांनी कचरा एका बाजूला सारला. "माझी पोरं तापट हायत. तुझं नाव निघालं असतं तर गेली असती तुझ्या कॉलेजात. तू तासावरची. तुला कोण ठेवून घेतंय मंग?"

"आप्पा, मला तेव्हाच सांगायला हवं होतं."

"हवं होतं," ते म्हणाले. "आता जा, गाडी चुकंल. अन् हे बघ, मला ठाऊक हाय असं त्याला सांगू नको. लाजंल तो. दूध घेऊन यायचा बंद होईल, मंग मी दिवसभर कुणाशी भांडू?"

वर आले तर चाचा रिक्षा घेऊन आलेले होते. माझी बॅग त्यांनीच उचलून ठेवली, एकदा डाव्या बाजूला, मग उजव्या. हात रंगानं भरलेले होते, बॅगेच्या पट्ट्याला निळा डाग लागला.

"आप्पाला भेटलात?"

"भेटले."

"काय म्हणाले?"

"सावकाश जा म्हणाले."

ते माझ्याकडं बघत राहिले. "एवढंच?"

"एवढंच, चाचा."

त्यांनी मान हलवली आणि रिक्षावाल्याला म्हणाले, "चला, न्या मॅडमना. दुधाला उशीर होतोय मला."